साडेतीन लाखांत विधानसभा: खानापूर भागात कष्टकऱ्यांचा उमेदवार उभा करायचा तर कुठून सुरुवात?

कणकुंबीचा_पाऊस (प्रश्न)

नमस्कार साथींनो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात वीटभट्टी कामगार, उद्योग खात्रीच्या (रोजगार हमीच्या) कामावर जाणाऱ्या बायका, अंगणवाडी सेविका आणि थोडे लहान शेतकरी अशी आमची बांधणी आहे. २०२८ च्या विधानसभेला आमच्यातलाच एक उमेदवार द्यायचं ठरतंय. पक्ष नोंदणीकृत आहे, मान्यताप्राप्त नाही. जमलेले आणि कबूल झालेले मिळून साडेतीन लाख रुपये होतील. पूर्णवेळ देणारे ८ जण, संध्याकाळी दोन-तीन तास देणारे ५०-६०.

मतदारसंघ दोन टोकांचा आहे. जांबोटी-कणकुंबीकडे जंगल, लांब लांब वाड्या, मराठी बोलणारी माणसं, फोनला रेंज नाही. पारिश्वाड-इटगीकडे कन्नड गावं. मध्ये खानापूर, नंदगड.

विचारायचं ते असं. पैसा नेमका कुठे घालावा आणि कुठे अजिबात घालू नये? अर्ज बाद होऊ नये म्हणून काय बघावं? दारोदार फिरायची पद्धत काय? आणि मराठी-कन्नडचं कसं सांभाळावं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी आकड्यांत सांगावं ही विनंती.

---

वहीखातं

आधी आकडे. विधानसभेच्या उमेदवाराला कायद्याने ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो. तुमच्याकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आहे. म्हणजे जिथे पैसा टाकला की काम आपोआप होतं, अशी एकही गोष्ट तुमच्या यादीत ठेवू नका. मोठी सभा, मोठे फलक, वर्तमानपत्रातली जाहिरात, जेवणावळ हे सगळं बाद.

माझा अंदाज असा. दर आज विचारून घ्या, थोडे मागेपुढे होतील. अनामत १०,०००. स्टँप पेपर, नोटरी, झेरॉक्स ६,०००. पहिलं पत्रक ४०,००० प्रती, ७० पैशांप्रमाणे २८,०००. चिन्ह मिळाल्यावरची छोटी चिठ्ठी ६०,००० प्रती, ३५ पैशांप्रमाणे २१,०००. कापडी फलक ६०, प्रत्येकी ३५०, म्हणजे २१,०००. एक जीप १२ दिवस, डिझेलसकट रोज ३,५०० धरून ४२,०००. पंधरा मोटरसायकलींचं पेट्रोल, रोज १२० रुपये, १२ दिवस, २१,६००. वीस कोपरासभा, स्पीकर आणि किरकोळ धरून प्रत्येकी १,५००, म्हणजे ३०,०००. मतदार याद्यांच्या झेरॉक्स १२,०००. मतदानादिवशी ७० केंद्रांवर प्रत्येकी चार माणसांचं चहा-जेवण, माणशी १५०, म्हणजे ४२,०००, टेबल-खुर्च्या १७,५००. मोजणीचा दिवस ५,०००. बेरीज २,५६,१०० होते. उरलेले ९३,९०० राखीव ठेवा आणि अर्ज भरेपर्यंत त्याला हात लावू नका.

छपाईत लोक फसतात ते कागदाच्या हिशेबात. डेमीचा ताव १८ बाय २३ इंच. त्याचे आठ तुकडे केले की पावणेसहा बाय नऊ इंचाचं पत्रक होतं. ५०० तावांच्या एका रिमात ४,००० पत्रकं. म्हणजे ४०,००० ला दहा रीम, आणि मशीन लावताना वाया जाणारा कागद धरून अर्धा रीम वर. हा आकार न मोडता मजकूर बसवा. प्रेसवाला 'थोडं मोठं करूया' म्हणाला की कापताना तावाची पट्टी वाया जाते आणि पैसे तुम्ही देता. एकाच रंगात छापा.

प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच, प्रतींची संख्याही टाका. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ आहे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रकाशकाने सही केलेलं प्रतिज्ञापत्र, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीसह, दोन प्रतींत प्रेसला द्यायचं असतं. ते आधीच तयार ठेवा, नाहीतर प्रेस तुमचं काम बाजूला ठेवून मोठ्या पक्षाचं उरकते.

फ्लेक्सच्या नादी लागू नका. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या फलकांवर बंदी आहे. मांजरपाटावर स्क्रीन प्रिंट करा. पाऊस आला तरी वाळवून पुन्हा लावता येतं.

आता अर्ज. तो भरायच्या निदान आदल्या दिवशी उमेदवाराच्या नावाने निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं उघडलेलं हवं. सगळा खर्च त्यातून. एका व्यक्तीला किंवा एका दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० पेक्षा जास्त रोख देता येत नाही, पुढचं चेकने किंवा ऑनलाइन. जीपवाला रोख मागतो, तिथे हे मोडतं. पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवा.

मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक (अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार) पुरतो, तुम्हाला दहा लागतील आणि दहाही त्याच मतदारसंघाच्या यादीतले. एकाचं नाव दुसऱ्या मतदारसंघात निघालं तरी अर्ज पडतो. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. निदान दोन भरा आणि दोन्हींत दहा-दहा वेगळे सूचक घ्या. सूचक अंगठा उठवणारा असेल तर तो अंगठा निवडणूक अधिकाऱ्यासमोर किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. घरी उठवून आणलेला चालत नाही. भट्टीवरच्या म्हाताऱ्या कामगाराला मानाने सूचक करायचं असेल तर त्याला अर्ज भरायला बरोबर न्या, मजुरी बुडेल ती खर्चात धरा.

मालमत्ता आणि खटल्यांची माहिती द्यायच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचंच. आणि शपथ! अर्ज दिला म्हणजे शपथ झाली असं समजून लोक घरी जातात. शपथ वेगळी घ्यायची असते, अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आत. शेवटच्या दिवशी तीन वाजता अर्ज दिलात तर शपथेसाठी हातात तासच उरतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत भरा.

---

हलगी_आणि_पत्रक

वहीखातं यांचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांनी १२ दिवस धरलेत त्यामागचं कारण समजून घ्या, कारण तुमची सगळी आखणी त्यावर उभी राहणार. तुम्हाला चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. माघार ते मतदान यांत कायद्याने निदान १४ दिवस हवेत. २०२३ ला माघारीची शेवटची तारीख २४ एप्रिल होती, मतदान १० मे ला. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद. म्हणजे चिन्ह घेऊन फिरायला बारा ते चौदा दिवस, त्याहून जास्त नाहीच.

आता गुणाकार करा. एक जोडी संध्याकाळी सहा ते नऊ फिरली, घरात बसून बोलली, तर २५ घरं होतात. तीस जोड्या, बारा दिवस: ९,००० घरं. मतदारसंघात त्याच्या कितीतरी पट घरं आहेत. म्हणून शेवटच्या बारा दिवसांत 'ओळख करून देणं' हे कामच नसावं. ओळख नोव्हेंबरातच झालेली हवी.

मी आखणी अशी करेन. सगळी केंद्रं धरायचीच नाहीत. ७० निवडा. एका केंद्रात साधारण हजार मतदार, म्हणजे अडीचशे घरं. सत्तर केंद्रांत साडेसतरा हजार घरं, प्रत्येक घरी दोनदा जायचं तर ३५,००० भेटी. तीस जोड्या आठवड्याला दोन संध्याकाळी सहा महिने फिरल्या तर ३९,००० भेटी होतात. बसतंय. शंभर केंद्रं धरलीत तर बसत नाही, आणि मग प्रत्येक ठिकाणी अर्धवट राहतं.

कुठली सत्तर? जिथे तुमची सभासद पावती आधीच आहे, जिथे गेल्या दोन वर्षांत एखादं काम तडीस गेलंय (रेशन कार्ड, थकलेली मजुरी, वनहक्काचा दावा), आणि जिथे मतदानाच्या दिवशी त्याच यादीतला माणूस आत बसायला तयार आहे. तिन्ही नसेल तर ते गाव आपलं वाटलं तरी सोडा. हे जड जातं, पण जीप एक आहे.

मतदार यादी आयोगाच्या संकेतस्थळावरून भागवार उतरवून घेता येते. पानावर ३० नावं, हजार मतदारांना ३५-३८ पानं. तीन प्रती काढा: एक फिरायला, एक कार्यालयात, एक मतदानादिवशी टेबलाला. फिरणाऱ्या प्रतीवर तीनच खुणा. आपलं असेल तर बरोबरची खूण, डळमळीत असेल तर प्रश्नचिन्ह, नाही तर फुली. पाच-सहा प्रकार केलेत की चौथ्या दिवशी कोणी भरत नाही.

सगळ्यात मोठी चूक बरोबरच्या खुणेत होते. आपल्याकडे दारात आलेल्याला कोणी 'नाही' म्हणत नाही. 'तुम्हालाच की ओ' असंच म्हणतात, चहाही देतात. त्यावर खूण करायची नाही. तीन प्रश्न विचारा: दहा रुपयांची पावती घ्याल का, पत्रक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवू का, मतदानादिवशी तासभर टेबलाजवळ बसाल का? तीनपैकी एकाला तरी खरा होकार आला तर खूण. 'बघूया' आलं तर प्रश्नचिन्ह. या नियमाने तुमची यादी निम्म्यावर येईल, पण ती खरी असेल.

दारात बोलण्याचा क्रम: आधी विचारायचं, मग लिहायचं, मग सांगायचं. 'भट्टीवर हजार विटेला काय मिळतं?' हे विचारून वहीत आकडा त्यांच्यासमोर लिहा. पुढच्या भेटीला तोच आकडा वाचून दाखवा. बाई म्हणेल, 'होय, तेवढंच, अजून वाढलं न्हाई.' तिथून मागणी सुरू होते. समाजवाद हा शब्द त्यानंतर आला तरी चालतो. आधी आला तर भाषण होतं.

हंगाम बघा. नोव्हेंबरात भातकापणी-मळणी, दारी कोणी नसतं, खळ्यावर जा. पाऊस संपला की भट्ट्या लागतात, त्या मेपर्यंत. भट्टीवर राहणारी बरीच कुटुंबं बाहेरून आलेली, त्यांची नावं गावाकडच्या यादीत असतात. मत इथे नाही म्हणून त्यांना टाळू नका, ती तुमची संघटना आहे. पण केंद्राच्या हिशेबात त्यांना मोजूही नका. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलायला आणि दुरुस्तीला नमुना ८. वर्षात चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. गोव्याला कामाला गेलेल्यांची यादी वेगळी करा, मतदान कधी आहे हे त्यांना महिनाभर आधी कळायला हवं. मात्र त्यांना आणायला भाड्याची गाडी करायची नाही. मतदारांना केंद्रावर फुकट वाहनाने नेणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(५) खाली भ्रष्ट आचार ठरतो. ते आपापल्या खर्चाने येतील असं बोलून ठेवा.

स्पीकर लावलेली रिक्षा दिवसभर फिरवण्यापेक्षा हलगी आणि हातातला भोंगा बरा. वाडीत हलगी वाजली की माणसं अंगणात येतात. हलगीवाल्याला मजुरी द्या, पावती घ्या, खात्यात लिहा. कष्टकऱ्यांच्या प्रचारात त्याचं काम फुकट धरलं गेलं तर बाकी सगळं बोलणं वाया गेलं. परवानगी मात्र कोपरासभेलाही लागते, आयोगाच्या सुविधा पोर्टलवर ४८ तास आधी अर्ज टाका. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद.

---

निपाणीकर_ताई

पैशाचं वहीखातं दादांनी सांगितलं, पैसे येतात कसे ते मी सांगते. तुमचे साडेतीन लाख चार-पाच माणसांकडून येणार असतील तर ती माणसं उद्या उमेदवार ठरवतील. तंबाखू वखारी आणि विडीच्या बायकांत रीत आहे ती दहा-वीसच्या पावतीची. 'एक व्होट, एक नोट' ही समाजवाद्यांची जुनी पद्धत. सत्तर केंद्रांत प्रत्येकी शंभर घरांनी वीस रुपये दिले तरी एक लाख चाळीस हजार होतात. आणि ज्या बाईनं वीस रुपये दिले ती मतदानादिवशी घरात बसत नाही.

पावती पुस्तकं ५० पानांची करा, कार्बनसकट, प्रत्येक पानावर छापील नंबर. कोणाला कुठलं पुस्तक दिलं त्याची वही एकीजवळ. जुनं पुस्तक जमा झाल्याशिवाय नवं द्यायचं नाही. फाटलेलं पान फेकायचं नाही, 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायचं. हे नीट केलं नाही की चौथ्या महिन्यात भांडण लागतं, आणि बहुतेक वेळा खोट कोणाच्याच मनात नसते, पानं हरवलेली असतात.

अर्जाआधी जमलेला पैसा संघटनेच्या खात्यात ठेवा आणि नंतर चेकने उमेदवाराच्या खात्यात द्या. अर्जाआधी छापून ठेवलेलं पत्रक नंतर वाटलं तर तेही खर्चात लिहावं लागतं, हे विसरू नका.

मतदान एजंट (केंद्रात उमेदवाराच्या वतीने बसणारं माणूस) बायकाच करा बघा, जमेल तिथे. बूथवर तोंडं ओळखायचं काम असतं, आणि गल्लीतली बाई गल्ली ओळखते. पण अंगणवाडी सेविकांना एजंट करू नका, त्यांना आयोग सरकारी सेवेतल्यासारखंच धरतो. रेशन दुकानदारही नको. त्यांची नोकरी धोक्यात घालून आपण निवडणूक लढवायची नाही.

एजंटला आदल्या दोन रविवारी बसवून शिकवा. मतदान सातला सुरू होतं, पण चाचणी मतदान दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला आत हजर पाहिजे. निदान ५० मतं टाकून बघतात. मग निकाल दाखवून यंत्र कोरं केलं का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. ते राहिलं तर दिवसभराचा आकडा चुकतो. कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) नंबर, सीलचे नंबर कागदावर उतरवायचे. मतदान संपल्यावर नमुना १७-सी ची प्रत मागून घ्यायची, त्यावर एकूण किती मतं पडली ते असतं. ती प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. दमलेली माणसं सहा वाजता 'उद्या घेऊ' म्हणून निघतात, आणि मोजणीच्या दिवशी ताडून बघायला हातात काही नसतं. आत फोन नेता येत नाही, म्हणून कागद-पेन आणि डबा.

बाहेरचं टेबल केंद्रापासून १०० मीटरच्या पलीकडे (२०२५ पर्यंत हे अंतर २०० मीटर होतं). तिथे द्यायची चिठ्ठी कोऱ्या पांढऱ्या कागदावर, तिच्यावर चिन्ह नाही, नाव नाही. चिन्हाची छापील चिठ्ठी आदल्या दिवसांत घरी पोचलेली असायला हवी.

मजुरी बुडते म्हणून मत चुकतं, हे कामगारांत फार. कलम १३५-ब प्रमाणे मतदानाची सुट्टी पगारी असते, रोजंदारीवाल्यालाही. ते कलम मराठी-कन्नडमध्ये एका कागदावर छापून भट्टीमालकांना, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांना संघटनेच्या लेटरहेडवर आधीच द्या. घरी विड्या वळणारीला सुट्टी कोण देणार? तिला सकाळी सात ते नऊ मध्येच बोलवा, एकदा पान-तंबाखू घेऊन बसली की उठत नाही.

---

दोन_लिपी

भाषेबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि सीमाभागात पाय घसरतो तो इथेच.

कलम १२३(३) प्रमाणे धर्म, जात, वंश याबरोबर *भाषेच्या* आधारावर मत मागणं हाही भ्रष्ट आचार आहे. २०१७ साली अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, यात मतदाराची भाषाही येते असं ठरवलं. म्हणजे 'मराठी माणसाचं मत मराठीलाच' हे पत्रकावर नको, हलगीवर नको, उमेदवाराच्या तोंडी तर नकोच. निकालानंतर ४५ दिवसांत कोणीही मतदार किंवा उमेदवार उच्च न्यायालयात याचिका करू शकतो, आणि दोष सिद्ध झाला तर सहा वर्षांपर्यंत अपात्रता येते.

पण म्हणून भाषेचा प्रश्न मांडायचाच नाही असं नाही. जगदेव सिंग सिद्धांती खटल्यात १९६४ साली त्याच न्यायालयाने सांगितलंय की मतदारांची भाषा जपण्यासाठी झटण्याचं आश्वासन हा भ्रष्ट आचार नव्हे. राज्यघटनेच्या २९ व्या कलमाने तो हक्कच दिलाय. तेव्हा 'मराठी शाळेत शिक्षक द्या, पंचायतीची कागदपत्रं मराठीतूनही द्या' हे छापा. फरक एवढाच: मागणी भाषेची चालते, मत भाषेच्या नावावर मागायचं नाही. हे वाक्य प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवं.

कन्नड पत्रक मराठीवरून भाषांतर करून घेऊ नका. कन्नड गावात मजुरीला कूली म्हणतात, कष्टकऱ्याला 'दुडियुव जन'. पुस्तकी कन्नडमध्ये छापलेलं पत्रक तिथली बाई वाचत नाही. इटगी-पारिश्वाडकडच्या दोन कामगारांना समोर बसवा, मागण्या तोंडी सांगा आणि ते जे बोलतील ते लिहून घ्या. मग लिपी येणाऱ्याकडून शुद्ध करा. मागण्यांचा क्रमही बदलेल. जांबोटीकडे पहिली मागणी वनहक्क आणि बस, इकडे उसाचं वजन आणि थकलेलं बिल. एका कागदाच्या दोन बाजूंना दोन भाषा छापायचा मोह होतो, पैसे वाचतात म्हणून. तसं केलं की दोन्ही गावांना 'हे दुसऱ्यांचं पत्रक' वाटतं. ४०,००० पैकी गावं मोजून वेगवेगळ्या प्रती काढा. खानापूर-नंदगडच्या मोहल्ल्यांसाठी दोन-तीन हजार उर्दूतही.

सीमाप्रश्नावर तुम्हाला दारोदार विचारलं जाईल. टाळू नका. काय म्हणायचं ते संघटनेत आधी बसून एका वाक्यात ठरवा आणि तेच वाक्य कणकुंबीतही बोला, इटगीतही बोला. दोन ठिकाणी दोन उत्तरं दिलीत तर संध्याकाळपर्यंत दोन्ही व्हिडिओ एकाच फोनवर असतात. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. भट्टीची मजुरी मात्र तालुक्यातच ठरते, आणि ती मराठी कामगाराला आणि कन्नड कामगाराला सारखीच कमी मिळते. माझ्या मते तुमची जागा तिथे आहे.

---

पंचायत_आधी

माझं मत वेगळं. विधानसभेत एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जाते. दीड लाख मतं पडली तर २५,००० च्या वर हवीत. सत्तर केंद्रांत सत्तर हजार मतदार, त्यातले पाऊण मतदान करणार, म्हणजे जवळजवळ निम्मी मतं तुम्हालाच पडायला हवीत. पहिल्या खेपेला ते होत नाही.

ग्रामपंचायतीला कर्नाटकात पक्षचिन्ह नसतं, लोकसंख्येत ४०० मागे एक सदस्य, एका वॉर्डात बहुधा दोन-तीन जागा. दीडशे-दोनशे मतांत निकाल लागतो. त्यात मतदाराला जागा तितकी मतं असतात, पण एका उमेदवाराला एकच देता येतं. इथे एक मत देऊन बाकीची कोरी सोडणारे पुष्कळ. तुमच्या दोघी उभ्या असतील तर दोघींनाही शिक्का मारायचा हे नमुना मतपत्रिका दाखवून शिकवावं लागतं. वीस पंचायतींत प्रत्येकी दोन सदस्य निवडून आणा, उद्योग खात्रीच्या कामांवर लक्ष ठेवा, मग विधानसभा.

---

हलगी_आणि_पत्रक

पंचायत_आधी, अनामतीचा हिशेब बरोबर आहे आणि तो सगळ्यांना आधीच सांगून टाकावा: दहा हजार जाणार असं धरूनच चला. पण पंचायतीत पक्ष नाही, म्हणून धोरणही येत नाही. निवडून आलेला सदस्य गटारीच्या बिलात अडकतो आणि वर्षभरात मोठ्या पक्षाकडे जातो. किमान मजुरी, वनहक्क, उसाचा दर हे विषय गावच्या वॉर्डात बसत नाहीत. शिमोगा जिल्ह्यातल्या सागरचे समाजवादी शांतवेरी गोपाळ गौडा १९५२ ला विधानसभेत गेले ते १९५१ च्या कागोडू सत्याग्रहातल्या कुळांच्या जोरावर. लढा आधी होता, त्याला लागून निवडणूक आली. खानापुरात तसा लढा उभा असेल तर विधानसभा लढवा. नसेल तर तुमचं खरं.

---

कणकुंबीचा_पाऊस

सगळ्यांचे आभार. एक अडचण सांगायची राहिली. आमच्या उमेदवारावर रास्ता रोको आणि जमावबंदी मोडल्याच्या दोन केसेस चालू आहेत. शिक्षा नाही. अर्जाला अडचण येईल का? आणि दुसरं, विरोधकांनी पैसे वाटले तर जंगलपट्ट्यात काय करायचं?

---

वहीखातं

अर्जाला अडचण नाही, खर्चाला आहे. राखीव ९३,९०० ला हात लावू नका म्हटलं ते यासाठीच. आंदोलनातल्या माणसांवर केसेस असतातच, आणि छोट्या संघटनेचं बजेट इथे मोडतं.

चालू खटले असलेल्या उमेदवाराला त्यांची माहिती नमुना सी-१ मध्ये वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा प्रसिद्ध करावी लागते. माघारीच्या मुदतीनंतर पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात दुसऱ्यांदा, नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत तिसऱ्यांदा. वर्तमानपत्र त्या भागात खपणारं हवं आणि अक्षर १२ पॉइंटपेक्षा लहान नको. हा खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरतात. ४०,००० बाजूला ठेवा आणि मार्चमध्येच दोन-तीन वर्तमानपत्रांकडून आणि केबलवाल्याकडून लेखी दर घ्या. कात्रणं जपून ठेवा, हिशेबाबरोबर द्यावी लागतात. केसचा नंबर, न्यायालय, कलम हे सगळं नमुना २६ मध्ये आणि सी-१ मध्ये अक्षर न अक्षर सारखं हवं. म्हणून न्यायालयातून प्रमाणित प्रती जानेवारीतच काढा. जुन्या आंदोलनात नाव गोवलेलं एखादं प्रकरण उमेदवाराला माहीतही नसतं, तेव्हा तालुक्यातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांत लेखी अर्ज देऊन विचारा.

केसेसची लाज बाळगू नका. पत्रकावरच लिहा: थकलेल्या मजुरीसाठी रस्ता अडवला म्हणून दोन गुन्हे. विरोधक ते बोलण्याआधी तुम्ही बोललेलं बरं.

पैसेवाटपाच्या तक्रारीसाठी आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे, शंभर मिनिटांत तक्रारीचा निपटारा अपेक्षित असतो. पण फोटो-व्हिडिओ ॲपमधूनच काढावा लागतो, आधी काढून ठेवलेला चालत नाही, आणि कणकुंबीकडे रेंज नसेल तर ॲप निरुपयोगी. तिथे कागद वापरा: गाव, वेळ, गाडीचा नंबर, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि तो कागद त्याच रात्री मोटरसायकलवरून निवडणुकीच्या फिरत्या पथकाकडे, पोच घेऊन. पथकांचे नंबर जाहीर होतात त्या दिवशी प्रत्येक जोडीला लिहून द्या.

आणि हिशेब. नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. प्रचारकाळात निदान तीनदा ती तपासायला न्यावी लागते. रात्री साडेनऊला जोड्या परत आल्या की त्याच वेळी त्यांच्याकडून पावत्या घ्या. सकाळी मागितल्या तर मिळत नाहीत. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. हरलेली संघटना इथे ढिली पडते, आणि हिशेब न दिल्याबद्दल उमेदवार तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. हे काम ज्याच्याकडे असेल त्याला प्रचाराचं दुसरं कुठलंच काम देऊ नका.

---

निपाणीकर_ताई

एक राहिलं. सारख्या नावाचा दुसरा उमेदवार उभा करतात. अर्ज मागे घ्यायची वेळ संपली की उमेदवारांची अंतिम यादी लागते, त्यात अनुक्रमांक येतो. चिन्हाच्या चिठ्ठीवर तो नंबर, चिन्ह आणि फोटो तिन्ही एका ओळीत छापा, यंत्रावर दिसतात तसेच. म्हणून ६०,००० चिठ्ठ्यांचा कागद आधी कापून घ्या, पण यादी लागेपर्यंत प्रेसला छपाईला हात लावू देऊ नका.